पपईच्या पानाची परीक्षा : फवारणीपूर्वी निदान

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे नाव श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वत्र परिचित झाले आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व दक्षिणेस तापी यांच्यामधील या काळ्या कसदार पट्ट्यात ऊस, कापूस, केळी व मिरची यांच्या जोडीला पपईच्या बागाही मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या आहेत. लागवडीपासून सुमारे नऊ-दहा महिन्यांत फळ हाती येत असल्याने हे पीक शेतकऱ्यास जवळचे वाटते. परंतु रोपे, खते, ठिबक व मजुरी यांवरील बहुतेक खर्च पहिले फळ उतरण्यापूर्वीच होऊन जातो. म्हणून फळ लागण्याच्या आधी पान पिवळे पडले किंवा आकसले, की बागाईतदाराचा जीव टांगणीस लागतो आणि तो दुकानातून मिळेल ते औषध आणून फवारू लागतो.

या घाईमुळे तीन प्रकारचे नुकसान होते. ज्या रोगास औषध नाही त्यावर पैसा खर्च होतो. जी झाडे सहज सुधारली असती ती रोगट समजून उपटली जातात. आणि जी झाडे तत्काळ उपटावयास हवी होती ती आशेपोटी राखली जाऊन साऱ्या शिवाराला उपद्रव देतात. हे तिन्ही टाळावयाचे असेल तर पंप खांद्यावर घेण्यापूर्वी पान वाचण्याची सवय लावून घेणे अगत्याचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधूंना ही परीक्षा स्वतःच्या डोळ्यांनी करता यावी, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

पाहणीची रीत

बागेच्या कडेला उभे राहून निदान करू नये. बांधालगतची झाडे व मधली झाडे यांची अवस्था पुष्कळदा निराळी असते. सकाळच्या उजेडात बागेत आडव्या-उभ्या फेऱ्या घालाव्या आणि प्रत्येक संशयित झाडाजवळ थांबून पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्या.

पहिली गोष्ट, विकार जुन्या पानावर आहे की शेंड्याच्या नव्या पानावर. दुसरी, पिवळेपणा सबंध पानावर सारखा आहे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला आहे, की हिरव्या-पिवळ्या रंगांची अनियमित चट्टेपट्टे पडली आहेत. तिसरी, देठावर व खोडाच्या वरच्या कोवळ्या भागावर काही खुणा आहेत काय. चौथी, पानाच्या पाठीला कीड, जाळे किंवा पांढरी भुकटी आहे काय. पाचवी, विकार एखाद्-दुसऱ्या झाडाला आहे, ओळीने आहे, की एका बाजूच्या सर्व झाडांना एकदम झाला आहे. या पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घेतल्यास निदानाचा निम्म्याहून अधिक मार्ग सरतो. सोबत दहा पट मोठे दाखविणारे साधे भिंग ठेवावे.

जुने पान पिवळे पडणे

पपईचे झाड वर वाढत जाते तसतशी तळाची पाने पिवळी होऊन गळतात. हा झाडाचा स्वभाव आहे. तळाची दोन-चार पाने गेली म्हणून औषधाच्या मागे लागू नये. मात्र वाढीच्या जोमाच्या काळात जुनी पाने भराभर व सारखी फिकट पिवळी होत असतील आणि नवे पान लहान निघत असेल, तर नत्राची उणीव समजावी. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा दिसत असेल तर मॅग्नेशियम कमी पडत आहे. कडा करपल्यासारख्या होत असतील तर पालाशाकडे लक्ष द्यावे. ही तिन्ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला पुरविते, म्हणून उणीव प्रथम जुन्या पानावर दिसते. मॅग्नेशियमच्या उणिवेसाठी १० लीटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारावे. नत्र व पालाश एकदम भरघोस न देता माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे विभागून द्यावे.

पाने एकाएकी पिवळी पडून माना टाकत असतील, तर पानाकडे न पाहता बुंध्याकडे पाहावे. पपईच्या मुळास हवा लागते. काळ्या जमिनीत पाणी एक-दोन दिवस साचून राहिले तरी मुळे गुदमरतात, बुंध्याची साल मऊ होते व कुजते. बुंध्याजवळची माती हलकेच बाजूस सारून पाहिल्यास तपकिरी, पाणीदार कूज दिसते. येथे पानावर काहीही फवारून उपयोग होत नाही. चर काढून पाणी निचरून द्यावे, पाणी बुंध्यास लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे किंवा उंच गादीवाफ्यावर लागवड ठेवावी, आणि कूज आरंभीची असल्यास १० लीटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून बुंध्याभोवती ओतावे.

नव्या पानाचा केवडा

उसाच्या पानावर येणारा केवडा या भागातील शेतकऱ्यास चांगला परिचित आहे. तोच प्रकार पपईतही आढळतो. शेंड्याची नवी पाने पिवळी होतात, परंतु त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. त्यामुळे पानावर हिरव्या धाग्यांची जाळी विणल्यासारखी दिसते. उणीव वाढली की पान पांढुरके होते. ही लोहाची उणीव होय. लोह झाडात एकदा स्थिरावले की जुन्या पानातून नव्या पानाकडे सहसा जात नाही, म्हणून खूण नव्या पानावर उमटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीचे प्रमाण अधिक व सामू चढलेला असला म्हणजे असलेले लोह मुळास घेता येत नाही. जमीन सतत ओली राहिली की ही अडचण आणखी वाढते. पुष्कळदा बागेतील ज्या भागात चुनखडीचे पांढरे खडे वर आलेले दिसतात, तेथेच केवडा असतो व शेजारची झाडे हिरवीगार असतात. ही विभागणी निदानास फार उपयोगी पडते.

खात्री करून घेण्याचा सोपा उपाय असा. १ लीटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवावे. एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर कुंचल्याने हे पाणी लावावे व पानाला दोरा बांधून ठेवावा. साधारण आठवड्याभरात लावलेला भाग हिरवा झाला व दुसरा तसाच राहिला, तर उणीव लोहाचीच आहे हे सिद्ध झाले. मग १० लीटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम चुना हे वेगवेगळे विरघळवून, गाळून व एकत्र करून सायंकाळी फवारावे. पपईचे पान नाजूक असल्याने प्रथम चार-पाच झाडांवर प्रयोग करून पाहावा. जमिनीतून द्यावयाचे झाल्यास हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवावे व मगच घालावे. पाण्याची पाळी लांबविणे हादेखील उपायाचाच भाग आहे.

चट्टेपट्टे आणि तेलकट रेघा : विषाणुरोग

वरील सर्व विकार दुरुस्त होतात. आता जो दुरुस्त होत नाही तो ओळखावयाचा. पपईवरील मोझॅक रोगाची नोंद मुंबई इलाख्यातून कपूर व वर्मा या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये केली होती. आज वलयी ठिपक्यांचा विषाणुरोग म्हणून जो ओळखला जातो, व ज्याला शेतकरी नुसते 'व्हायरस' म्हणतात, त्याच्या खुणा अशा आहेत. शेंड्याकडील पानावर गडद हिरवे व पिवळे असे अनियमित चट्टे पडतात. गडद भाग फोडासारखा फुगतो. पुढे पान चिरफळत जाऊन सुतळीसारखे अरुंद होते. देठावर व खोडाच्या वरच्या भागावर गडद हिरव्या, तेलकट, लांबट रेघा उमटतात. फळ असल्यास त्यावर गोल वलये दिसतात. वाढ खुंटते व फळाची गोडी घटते. वलये पडलेले फळ खाण्यास मात्र अपायकारक नसते.

यांपैकी देठावरील तेलकट रेघा ही खूण सर्वांत महत्त्वाची समजावी. लोहाच्या केवड्यात पिवळेपणा शिरांना धरून नेमका असतो, विषाणुरोगात तो कसाही विखुरलेला असतो. शिवाय आरंभी हा रोग बागेत विरळ दिसतो. एक झाड येथे, दुसरे दहा झाडांपलीकडे. मग त्या झाडांभोवती झुबके तयार होऊ लागतात.

पाने चट्टेपट्ट्यांऐवजी खालच्या बाजूस वळून उलट्या वाटीसारखी झाली असतील, शिरा जाड, पान चिवट व देठ पिळवटलेले असतील, तर तो पर्णगुच्छ रोग होय. त्याचा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. अशा झाडास फळधारणा जवळजवळ होत नाही. ते काढून टाकणेच इष्ट.

विषाणूवर फवारणी का चालत नाही

वलयी ठिपक्यांचा विषाणू माव्यामार्फत पसरतो. परंतु हा मावा पपईवर घर करून राहत नाही. तो कापूस, मिरची, काकडीवर्गीय वेली व तण यांवर वाढतो आणि पंखधारी झाला की उडत येऊन पपईच्या पानाला सोंड टोचून पाहतो. रोगट पानावर काही क्षण टोचले की विषाणू त्याच्या सोंडेला लागतो व पुढच्या निरोगी पानावर काही क्षण टोचले की तेथे उतरतो. कीटकनाशकाने मावा मरण्यास जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी त्याचे काम होऊन गेलेले असते. झाडात शिरलेला विषाणू नाहीसा करणारे औषध उपलब्ध नाही. खुणा दिसण्यास दोन-तीन आठवडे लागत असल्याने, ज्या दिवशी रोग दिसतो त्या दिवसापूर्वीच तो काही निरोगी दिसणाऱ्या झाडांत पोहोचलेला असतो.

जागा बदलून हा रोग टळतो असे मानणाऱ्यांनी हवाई बेटांचे उदाहरण लक्षात घ्यावे. तेथील ओआहू बेटावर या रोगाने बागा बसल्या, तेव्हा लागवड दुसऱ्या बेटावरील पुना या भागात हलविण्यात आली. काही दशके ती सुरक्षित राहिली, परंतु १९९२ मध्ये रोग तेथेही आढळला. पुढे १९९८ मध्ये जनुक-परिवर्तित रोगप्रतिकारक जात तेथील शेतकऱ्यांना मिळाली. भारतात अशा पपईच्या लागवडीस मान्यता नाही. म्हणून येथे रोपवाटिकेपासूनच्या दक्षतेवरच भिस्त ठेवावी लागते.

विषाणूसारखे दिसणारे दोन बहुरूपी

पान अरुंद किंवा वेडेवाकडे झाले की तो विषाणूच, असा निष्कर्ष काढू नये. पुरुषोत्तमनगरसारख्या उसाच्या मुलखात एका निराळ्याच कारणाची शक्यता नेहमी तपासावी. उसातील रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी हे तणनाशक वापरतात. वाऱ्याने त्याचे तुषार किंवा वाफ शेजारच्या पपईवर आली, अथवा तोच पंप नीट न धुता पपईसाठी वापरला, तर पपईची नवी पाने सुतळीसारखी अरुंद निघतात व देठ पिळवटतात. ही पाने विषाणुरोगाच्या पानांशी इतकी जुळतात की अनुभवी माणूसही फसतो.

फरक असा ओळखावा. तणनाशकाचा परिणाम उसाच्या बाजूकडील झाडांवर एकदम व सर्वाधिक दिसतो आणि आत जावे तसा कमी होत जातो. पंप दूषित असल्यास तो फवारणीच्या ओळी धरून दिसतो. देठावर तेलकट रेघा नसतात व फळावर वलये नसतात. सर्वांत खात्रीचा साक्षीदार म्हणजे बांधावरची कपाशी. तिचेही पान भेंडीच्या पानासारखे चिरलेले व निमुळते झाले असेल, तर दोष तणनाशकाचा आहे, कारण पपईचा हा विषाणू कपाशीस लागत नाही. अशी झाडे उपटू नयेत. मात्रा थोडी असल्यास पुढील पाने हळूहळू नीट निघू लागतात. तोवर पाणी व खत बेताने द्यावे आणि दर आठवड्यास नवे पान पाहावे.

दुसरा बहुरूपी म्हणजे अतिसूक्ष्म कोळी. मिरचीवरील चुरडा-मुरडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो नवीन नाही. हा कोळी डोळ्यांना दिसत नाही. शेंड्याची कोवळी पाने पंजासारखी आकसतात, कडक होतात व पाठीकडून तपकिरी पडतात. भिंगाने पाहिल्यास पाठीवर पारदर्शक, हालणारे कोळी सापडतात. उन्हाळ्यात जुन्या पानावर बारीक पांढुरके टिपके व पाठीला जाळे दिसल्यास तो लाल कोळी समजावा. दोन्हींसाठी पपईवर शिफारस असलेले कोळीनाशक पानाच्या पाठीस पोहोचेल असे फवारावे. पाठीला पांढरी भुकटी असेल तर ती भुरी होय. तिच्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक १० लीटरला २० ग्रॅम या प्रमाणात थंड वेळी फवारावे. या जिल्ह्यातील कडक उन्हाळ्यात गंधक फवारल्यास पाने भाजतात, म्हणून त्या दिवसांत ते वर्ज्य करावे.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकणाचे असतात. हा पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथम २००८ मध्ये आढळला. २०१० मध्ये त्याच्यावर जगणारा ॲसेरोफॅगस नावाचा परोपजीवी कीटक परदेशातून आणून सोडण्यात आल्यावर त्याचा जोर ओसरला. विनाकारण तीव्र कीटकनाशके फवारणारा बागाईतदार या मित्रकीटकालाच मारतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

विषाणुरोग ठरल्यावर काय करावे

निर्णय बागेच्या वयावर अवलंबून ठेवावा. फुले येण्यापूर्वी तुरळक झाडे रोगट दिसली, तर ती त्याच दिवशी मुळासकट काढून पुरावी. नुसते तोडल्यास खुंटास फुटवे येतात व त्यांत विषाणू जिवंत राहतो. मेलेल्या झाडातून किंवा मातीतून हा रोग पसरत नाही, म्हणून जमिनीविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. पुढे दर आठवड्यास फेरी घालून नवीन रोगट झाडे काढीत जावे. परंतु बाग फळावर आली असून बहुसंख्य झाडे रोगट असतील, तर उपटण्याने लाभ होत नाही. खत-पाणी नीट ठेवून मिळेल ते उत्पन्न घ्यावे, आणि तोडा संपताच बाग विनाविलंब मोडावी. उत्पन्न न देणारी जुनी बाग उभी ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या नव्या लागवडीसाठी रोगाचे कोठार राखणे होय.

नव्या लागवडीत पुढील दक्षता घ्यावी. हा रोग बियांतून येत नाही, परंतु उघड्या रोपवाटिकेत रोपांस सहज लागतो, म्हणून रोपे बारीक छिद्रांच्या जाळीत वाढविलेलीच घ्यावी. जुन्या बागेलगत नवी लागवड करू नये. लागवडीपूर्वी महिनाभर बागेच्या चारही बाजूंस मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेराव्या. उडत येणारा मावा प्रथम त्यावर उतरून सोंड टोचतो व तेथेच बराचसा विषाणू सोडतो. काकडी, भोपळा, टरबूज यांसारखी वेलवर्गीय पिके पपईत किंवा शेजारी घेऊ नयेत. चंदेरी आच्छादनामुळे माव्याचे उतरणे कमी होते. बांधावरील तण काढून टाकावे. तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवावा, आणि उसात फवारणी करणाऱ्याने वारा शांत असताना, शेजाऱ्यास कळवूनच ती करावी.

शिवाराचे काम

बांध माणसाने घातलेला असतो, मावा तो जाणत नाही. एकाने रोगट झाडे काढली व शेजाऱ्याने राखली, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पपईच्या हंगामात सामुदायिक शिवारफेरी योजावी. पाच प्रश्नांची उत्तरे जागेवर काढावी, संशयित झाडास फडके बांधावे, आणि निश्चिती न झाल्यास पान, देठ व फळ यांचा ताजा नमुना घेऊन नंदुरबारच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. नमुन्यासोबत वहीतील टिपण, शेजारची पिके व गेल्या महिन्यातील फवारण्या यांची माहिती अवश्य द्यावी.

पपईचे पान शेतकऱ्यास आपली व्यथा स्पष्टपणे सांगत असते. जुने पान, नवे पान, शिरा, देठ, पाठ व शेजार या सहा ठिकाणी ती वाचावयाची असते. एवढा वेळ दिल्यास सुधारणारे झाड वाचेल, न सुधारणारे वेळेवर निघेल, आणि औषधावर जाणारा पैसा जेथे खरोखर उपयोगी पडतो तेथेच खर्च होईल.